न्हाणीतला हंसराज

आमच्या न्हाणीत एक माणूस डांबून ठेवलाय, ही बातमी गल्लीत सगळ्यात शेवटी मला कळली. कारण डांबणारा मीच होतो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिल्हा आला, साहेब लोक आले, ऑफिसांच्या कोऱ्या पाट्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. (त्याची फाईल बहुतेक अजून टेबलावर असावी.) टँकरचा भोंगा वाजला की गल्ली घागरी घेऊन धावायची. मी नव्या ऑफिसातला नवा कारकून. अजून कायम झालो नव्हतो, त्यामुळे साहेबांच्या रिकाम्या खुर्चीलाही नमस्कार घालायचो!

अशात साहेबांच्या बाईसाहेब उन्हाळ्यासाठी माहेरी, कोकणात निघाल्या. मला बंगल्यावर बोलावून म्हणाल्या, “माझा हंसराज तुमच्याकडे ठेवून जाते. फार नाजूक आहे हो. ऊन सोसत नाही, गरम वारा तर मुळीच नाही. पाणी कमी पडलं की लगेच मान टाकतो.”

मी पोरगं कुठं दिसतंय का म्हणून इकडंतिकडं पाहिलं. तर त्यांनी माझ्या हातात कुंडी ठेवली! काळ्या तारेसारखे देठ, त्यांवर कोथिंबिरीपेक्षा पातळ पानं. डोंगरातल्या झऱ्याकाठी वाढणारा नेचा, आणि तो जपायचा लातूरच्या मे महिन्यात! ‘जमणार नाही’ असं मी मनात म्हणेपर्यंत मान ‘हो’ म्हणून मोकळी झाली होती.

घरी माझ्या बायकोनं, विमलनं, कपाळाला हात लावला. “आवं, माणसाला प्यायला न्हाई आन् ह्याला पाजायचं? कमलताईनं बघितलं तर टँकरपाशी उभं तरी करील का मला?”

कमलताई म्हणजे आमची शेजारीण. टँकरची नळी तिच्या हातात असायची, म्हणजे गल्लीचं सरकारच! झाड मेलं तर बाईसाहेब, आणि जगलं तर कमलताई. कुठूनही मरण माझंच.

घरात अंधारी आणि ओलसर जागा एकच, न्हाणी. तिथं कुंडी ठेवली, झरोक्याला ओलं पोतं लावलं आणि बाहेरून कडी घातली. आंघोळ आम्ही दाराकडं तोंड करून, तांब्याभर पाण्यात, अंग चोरून करायचो. (त्यातलंही निम्मं पाणी कुंडीत जावं असं उभं राहावं लागे. ती कसरत इथं सांगण्यासारखी नाही.) कोणी हातपाय धुवायला आलं की मी दारात आडवा. “न्हाणी बंद हाय!”

पण आमच्या आणि कमलताईच्या घरात भिंत एकच होती, आणि तीही पातळ.

“हंसराजला पाणी दिलंस का?” मी ऑफिसातून आलो की चप्पल काढायच्या आत विचारायचो.

“दिलं घोटभर.”

“मग असा पिवळा का पडलाय?”

“मला काय ठावं? सकाळधरनं मान टाकून हाय.”

“हळू बोल, बाई! कोणाला कळलं तर मेलो आपण.”

आता पलीकडून हे ऐकणाऱ्या बाईनं काय समजावं! टँकरवर विमल गेली की बायका गप्प व्हायच्या. कमलताई तर तिची घागर न बोलता, आधी भरून द्यायची. आम्हाला वाटलं, वा, किती माया! ती माया नव्हती, दहशत होती. आणि आम्ही मात्र त्यांनाच भिऊन राहिलो होतो!

तशात कंधारकडच्या आमच्या गावाहून आबा आले. माझे वडील. जन्म शेतात गेलेला. मी ऑफिसात होतो, विमल टँकरवर. संध्याकाळी परतलो तर आबा खूश.

“आरं, तुझ्या झाडात आळ्या पडल्या हुत्या. चांगल्या गुंडाळी मारून बसल्या हुत्या बघ. एकूणएक चिमटून टाकल्या!”

धावत न्हाणीत गेलो. नेच्याचा नवा कोंब असा गुंडाळलेलाच असतो! मरता मरता बिचाऱ्यानं जे कोंब काढले होते, ते सगळे आबांनी खुडून मोरीत टाकले होते.

“आबा!” मी ओरडलो. “हंसराजची मुंडकी तोडली तुम्ही!”

“मग? ठिवायची हुती व्हय?”

“आता बाईसाहेबांना काय मढं दाखवू?”

पलीकडे काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं आमच्या दारात अख्खी गल्ली उभी! पुढं हवालदार कांबळेमामा. एरवी लांबूनच हसून ‘जय भीम’ घालणारे मामा आज नुसते बघून राहिले.

“न्हाणी उघडा, साहेब.”

सवयीनं मी दारात आडवा झालो. शेवटी मामांनीच कडी काढून दार ढकललं. कमलताईनं पदर तोंडावर धरून आत डोकावलं.

“अगं माय! ही तर कोथिंबीर हाय!”

“कोथिंबीर न्हाई,” मी कसाबसा म्हणालो, “हाच हंसराज. साहेबांच्या बाईंचा.”

“भाजीत टाकतेत?”

“न्हाई.”

“फूल येतंय?”

“न्हाई.”

“मग करतंय तरी काय?”

“काहीच नाही. नुसतं असतंय.”

“म्हंजे सायबावानीच!” कमलताई म्हणाली, आणि गल्ली अशी हसली की मामांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. मी मात्र हसलो नाही. पाण्याचा हिशेब अजून व्हायचा होता.

तो कमलताईनं तिथंच केला. “पिण्याचं पाणी घातलंस तर याद राख! तांदूळ धुतलेलं घाल. आमच्या घरचं बी देईन.”

त्या दिवसापासून घराघरांतून तांदळाचं पाणी यायला लागलं. आबा कुंडीपाशी बाज टाकून राखणीला बसले. आधी कोंब दिसेचनात. मग एका सकाळी एक इवलीशी गुंडाळी वर आली, आणि आबा ओरडले, “खबरदार, आळीला हात लावाल तर!”

बाईसाहेब परत आल्या तेव्हा कुंडीत मोजकीच पण हिरवीगार पानं होती. त्या जीपमधून थेट आमच्या दारात उतरल्या. मी कुंडी पुढं केली. त्यांनी डोळे विस्फारले.

“अय्या, जगला? मी तर गेलाच म्हणून दिला होता हो! म्हटलं, निदान माझ्या डोळ्यांदेखत तरी मरायला नको.”

मी कुंडी खाली ठेवली.

“तुमच्या हाताला गुण आहे!” त्या म्हणाल्या. “माहेराहून आणखी कुंड्या आणल्यात, गाडीत आहेत. याहून नाजूक. ठेवाल ना?”

मागून विमलनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. कमलताई तिच्या दारातून डोळे वटारून बघत होती. आबा मान हलवून ‘न्हाई, न्हाई’ म्हणत होते. मी छाती भरून श्वास घेतला, बाईसाहेबांच्या डोळ्याला डोळा दिला आणि ठणकावून सांगितलं,

“आणा की बाईसाहेब! आम्ही आंघोळ तशीही करत नाही.”