इंदूबाईंच्या कनवटीची चांदी

इंदूबाईंना नव्या माणसाचं नाव, गाव, आडनाव यांत काडीचा रस नसे. ओळख झाली की त्या कनवटीची चिंधीची पुरचुंडी काढत, गाठ सोडत आणि आतली चांदीची वस्तू समोरच्याच्या तळहातावर ठेवून म्हणत, "सांगा बघू, हे कशासाठी असंल?" माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. एकाहत्तर साल असावं. सांगलीतल्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले होते आणि त्या तिथं शिवण शिकवत. राहायला दोघीही माधवनगरला, एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून.

वस्तू अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, विड्याच्या पानाच्या घाटाची, वर दोरा ओवायला कडी. दोन्ही अंगांनी झिजलेली. एका बाजूवर अंगठा फिरवला की दोन बारीक टिंबं लागत. "बटण असेल," मी म्हणाले. गणिताच्या बाईनं याहून जास्त काय सांगायचं? त्यांनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. "बटणाला चार भोकं नाहीतर दोन. ह्याला एकबी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्याविषयीचं त्यांचं मत तिथंच कायम झालं.

तर्क पुष्कळ लोकांनी केले. साताऱ्याच्या एका पेन्शनर सुभेदारानं तो पलटणीचा बिल्ला ठरवला. कुणी म्हणालं, तान्ह्या पोरीच्या करगोट्याचं पान. एका सोनारानं 'टाक असेल' असंही म्हटलं होतं. पण टाकावर देव उठवलेला हवा, आणि टाक देव्हाऱ्यात बसतो, तो दोऱ्यात ओवून गळ्यात कोण बांधतं? म्हणून इंदूबाईंनी तो तर्क अर्धाच घेतला. देव असलाच तर मळाखाली असेल, या हिशेबानं दर रविवारी त्या चिंच आणि रांगोळी घेऊन दारात बसत आणि ते पान घासत. एवढ्या जिवापाड घासलेलं भांडं मी त्यांच्या घरात दुसरं पाहिलं नाही.

बाई शिवणात मोठ्या कडक. मुलीनं झबलं शिवून आणलं की आधी ते उलटं करत. "सुलटी बाजू समदीच चांगली दाखवत्यात. शिवण बघायची ती उलटीकडनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांनाही त्या हेच माप लावत. हेडबाईंनी कौतुक केलं तरी इंदूबाई संध्याकाळी दाराशी बसून त्या कौतुकाची उलटी बाजू तपासणार. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारलं की म्हणत, "मला कुनी आपलं म्हनंल, ह्यावर माजा इस्वास न्हाई." हे त्या हसत म्हणत, पण ते हसण्यावारी न्यायचं नाही, हे मला लवकरच कळलं.

कारण ती वस्तू त्यांच्या आईची होती. आई साताऱ्याला अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, वाचा गेली. शेवटच्या दिवशी तिनं चालत्या हातानं गळ्यातला काळा दोरा ओढून तोडला आणि हे पान लेकीच्या मुठीत दाबलं. ओठ हलत राहिले, शब्द फुटला नाही. "काय सांगायचं हुतं तिला?" इंदूबाई मला विचारत, जणू मी तिथं उशाशी होते. "माणूस गेलं की त्याचं सामान मुकं हुतं बगा."

आणि या आईनं त्यांना कधी मारलं नव्हतं. ही तक्रार मी आयुष्यात एकाच माणसाकडून ऐकली. "धाकट्या भावाला लाटण्यानं बडवायची, मग कुशीत घिऊन रडायची. मला न्हाई. माज्या ताटात पहिली भाकरी, मला नवं परकर-पोलकं, पन हात म्हनून लावला न्हाई. पावन्याच्या पोरीला वागवावं तशी वागवली." जेवायला बसली की आई पहिला घास गळ्याशी नेई आणि मग तोंडात घाली. नवं लुगडंही आधी गळ्याला लावी. त्या पानात या सगळ्याचं उत्तर आहे, अशी इंदूबाईंची खात्री होती. आपण तिला नकोशा का होतो, एवढं एकदा कळलं की सुटलो, असं त्यांना वाटे.

उत्तर आलं ते बहात्तरच्या दुष्काळात. आटपाडीकडची माणसं तेव्हा जिथं नातलग असेल तिथं येऊन राहत होती. आमच्या मागच्या चाळीत गिरणीतल्या एका कामगाराची म्हातारी आई आली. नळावर तिनं इंदूबाईंचं आडनाव ऐकलं, वडलांचं नाव विचारलं आणि घागर खाली ठेवली. "मिलट्रीतल्या रामभाऊची थोरली व्हय तू? आगं, मी तुजी चुलत आत्या." वडलांनी भाऊबंदकीला कंटाळून आटपाडी सोडली होती ती कायमची, त्यामुळं या नात्याचा इंदूबाईंना पत्ताच नव्हता. त्यांनी आत्याला घरी आणलं, चहा दिला आणि सवयीप्रमाणं पुरचुंडी सोडली. मी तिथंच बसले होते.

म्हातारीनं पान हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि कपाळाला लावलं. "सवतीचा टाक ह्यो. तुज्या आईचा."

"आईचाच हाय. तिच्या गळ्यात हुता."

"तिच्या गळ्यात हुता, पन तिचा न्हवं. तुजी आई तुज्या बाळंतपनात गेली, पोरी. मग रामभाऊनं ही दुसरी केली. दुसरपनाची बायकू आली की पहिलीचा टाक करून तिच्या गळ्यात बांदत्यात. घास आदी तिला दावायचा, लुगडं आदी तिला दावायचं. न्हाईतर पहिली खवळती."

इंदूबाईंनी हातातल्या चिंधीची घडी घालून ती मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "म्हनून मला मारलं न्हाई?"

"कशी मारंल? जिची पोर, ती गळ्यात बसून बगतीया. भ्या हुतं तिला लय."

"आन् माया?"

म्हातारी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "ते आता कोन सांगनार? भ्या हुतं, येवडं मला ठावं हाय." तिनं पान पुन्हा उजेडात धरलं. "तोंड पार गेलं की गं ह्याचं. डोळं हुतं दोन. सोनाराला सांगून मोटं करून घेतलं हुतं, तुज्या आईचं हुतं तसं."

फोटो वगैरे काही नव्हता. आईचे डोळे म्हणून जगात तेवढी ती दोन टिंबं उरली होती. ती मी माझ्या अंगठ्यानं चाचपली होती. आता मी पान हातात घेतलं तर ते आरशासारखं सपाट लागलं. चिंच आणि रांगोळीनं आपलं काम चोख केलं होतं. मी इंदूबाईंकडं पाहिलं नाही. पाहवेना.

झिजलेला टाक कृष्णेला सोडून नवा करून घेतात, असं आत्यानं सांगितलं होतं. म्हणून आम्ही सांगलीत सोनाराकडं गेलो. त्यानं साधंच विचारलं, "चेहरा कसा काढू?" इंदूबाई दुकानाच्या पायरीवरून तशाच परत फिरल्या. वाटेत म्हणाल्या, "एकीचं तोंड मी बगितलंच न्हाई. दुसरीचं आटवायला जावं, तर आता वाटतंय, ती माज्याकडं बगतच न्हवती. गळ्यातल्या हिच्याकडं बगत हुती. मला दोन आया हुत्या, बाई, आन् एकबी मिळाली न्हाई."

त्यानंतर पुरचुंडी कधी कुणापुढं सुटली नाही. शाळेत नव्या बाई आल्या की इंदूबाई रीतसर नाव-गाव विचारत, आणि ते ऐकताना मला भडभडून येई. झबलं उलटं करून बघणंही त्यांनी सोडलं. मुलींना वाटलं, बाई मऊ झाल्या. बाई विझल्या होत्या. चार-पाच वर्षांनी कावीळ झाली, तेव्हा औषध त्यांनी नावापुरतं घेतलं. गेल्या तेव्हा आम्ही बायका त्यांना न्हाऊ घालत होतो, तर गळ्यात काळ्या दोऱ्यात ते पान होतं. पहिला घास त्या गळ्याशी नेत होत्या की नाही, मला माहीत नाही. शेवटी शेवटी त्या माझ्यासमोर जेवतच नसत.

धाकटा भाऊ पलटणीतून रजा काढून आला, तोवर सगळं आटोपलं होतं. मी पान त्याच्या हातात दिलं आणि आत्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दांडगा मिशाळ गडी पान मुठीत धरून उंबऱ्यावर बसला.

"आईनं मला लय मारलं," तो म्हणाला. "आक्काला कधी बोट लावलं न्हाई. रात्री आक्का झोपली की तिच्या अंगावरनं हात फिरवत बसायची. मी जागा असायचो. जळायचो नुसता. वाटायचं, आईला तीच प्यारी, मी कुनी न्हवं."

हे ऐकलं आणि भिंतीपलीकडं धावत जावं, इंदूबाईंना हाक मारावी, असं होऊन मी उठलेच. मग आठवलं की मी त्यांच्याच घरात उभी आहे.