मापमावशींचा ओटा

गणवेशांच्या त्या दुकानात शाळकरी पोरांची मापं घेणाऱ्या बाईंना सगळे मापमावशी म्हणत. खरं नाव मालकाला पगाराच्या दिवशी आठवत असेल तर असेल. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडी एकच वाक्य, "आधी बूट काढ." एखादी आई वैतागून म्हणायची, "अहो, शर्टाचं माप घ्यायचंय ना? मग बुटांचं काय एवढं?" पण मावशी कुणाचं ऐकून घेत नसत. माणूस कशावर उभं आहे ते आधी बघायचं, मग टेप लावायची. जाड तळव्याचे बूट घालून माप दिलं की पँट घरी जाऊन जमिनीवर लोळते आणि तीच आई दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तोंडसुख घेते, हे त्यांनी पुरेपूर भोगलेलं होतं.

साऱ्या गावाची मापं घेतली, पण मावशींचं माप कधी कुणी घेतलं नाही. स्वतःचे गाऊन त्या अंदाजानंच बेतायच्या, पायघोळ आणि सैल. कोण बघणार आहे, असा त्यांचा त्यावरचा हिशेब.

घरी ताई होती, थोरली बहीण. थोरलीचं लग्न जमलं नाही आणि धाकटीनं जमवलं नाही, असं ताईच सगळ्यांना हसून सांगायची. ताई छापखान्यात कामाला, अंगानं ताडमाड, दारातून येताना सवयीनं मान झुकवणारी. मावशी तिच्या खांद्याला जेमतेम लागायच्या. दोघी बाजारात निघाल्या की भाजीवाला म्हणायचा, "आली बघा, बाटली आणि बूच." ताईला त्याचं हसू यायचं. मावशींना राग यायचा आणि मग त्याही हसायच्या.

दोघींनी मिळून घेतलेल्या त्या घराचं स्वयंपाकघर म्हणजे नुसता बोळ. शेगडी एका टोकाला, मोरी दुसऱ्या टोकाला, मध्ये फ्रीज. फ्रीजचं दार उघडलं की रस्ता बंद. कुणा शहाण्यानं हे आखलं होतं देव जाणे. पण गंमत अशी की दोघी असताना ती अडचण कधी अडचण वाटलीच नाही. ताई शेगडीपाशी, मावशी मोरीपाशी. इकडून भाजी धुऊन पुढं जायची, तिकडून रिकामं भांडं मागं यायचं, आणि मधल्या मध्ये दिवसभराचं सगळं बोलून व्हायचं. फ्रीजचं वरचं दार ताई उघडायची, मावशी त्याच्याखालून वाकून पलीकडं जायच्या. "तुला काय, खिडकीतून पण नेता येईल," ताई म्हणायची.

ओटा बांधला तेव्हा मापाचा प्रश्न आलाच. घरात माप घेणारं माणूस असताना बाहेरचं कशाला, म्हणून मावशींनीच टेप काढली आणि ताईला भिंतीशी उभं केलं. ताई म्हणाली, "तुझंपण घे की. मधलं काहीतरी काढू." मावशी म्हणाल्या, "मला काय, मी पाटावर उभी राहीन." ताईनं कापडाच्या खोक्याच्या फळ्या ठोकून चांगला उंच पाट करून दिला. ताईची दुपारपाळी असली की संध्याकाळचा स्वयंपाक मावशींकडे असायचा. ओट्याशी जायचं, पायाच्या अंगठ्यानं पाट ओढायचा आणि वर चढायचं. इतकी वर्षं हे चाललं की पाटाकडं बघावंही लागत नसे. हात कांद्याकडं जायचा, पाय पाटाकडं.

मग ताई गेली. आजारपण फार लांबलं नाही, एवढंच काय ते बरं.

त्यानंतर तो बोळ मावशींच्या अंगावर यायला लागला. मोरीपाशी तांदूळ धुवायचे आणि ठिबकतं पातेलं घेऊन शेगडीपर्यंत चालत जायचं. तिथं लक्षात यायचं की मीठ मागंच राहिलं. पूर्वी नुसता हात पुढं केला की मीठ यायचं. आता फ्रीजचं दार त्याच उघडायच्या आणि त्याच अडकायच्या. कधी कधी त्या बोलताबोलता गप्प व्हायच्या, कारण पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी भरदुपारी पाट कलला आणि मावशी खाली आल्या. हाड मोडलं नाही, पण कंबर अशी धरली की उठता येईना. फ्रीजच्या पायाशी त्या पडून राहिल्या. बाहेरच्या खोलीत फोन वाजला, वाजून वाजून थांबला. जिन्यावरून कुणीतरी गेलं. हाक मारावी का, असा विचार करेपर्यंत पावलं निघून गेली. शेगडीवरची आमटी आटली, मग करपली. तो वास घरभर झाला, तेव्हा कुठं त्या ओट्याची कड धरून कशाबशा उठल्या आणि गॅस बंद केला.

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "पाटाबिटावर चढणं आजपासून बंद. पुन्हा पडलात तर अंथरूण धराल. घरी कोण असतं?"

"मी असते," मावशी म्हणाल्या.

त्या दिवशीच त्यांनी ठरवलं, स्वयंपाकघर बदलायचं. ओटा आपल्या मापाचा करायचा. जन्मात एकदा तरी स्वतःच्या घरात जमिनीवर पाय ठेवून पोळी लाटायची. गाठीला होतं ते एका कामापुरतं. चुकलं तर दुसऱ्यांदा करायला काही उरणार नव्हतं, आणि पाटावर चढायची आता छाती नव्हती.

दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईनं गवंडी पाठवला. बोलका माणूस, केस पिकलेले, स्वतःही चांगला उंच. त्यानं बोळात एक फेरी मारली, फ्रीजचं दार उघडलं, अडकला, आणि म्हणाला, "कुणाचं डोकं हे?"

"दोघींना पुरायचं," मावशी म्हणाल्या.

"बरं. आता शेगडीपाशी कोण उभं राहणार?"

"मी."

"आणि मोरीपाशी?"

"तिथंपण मीच."

गवंड्यानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. "मग मोरी आणि शेगडी एकाच भिंतीला घेऊ, खिडकीखाली. मध्ये हात फिरेल एवढी जागा. फ्रीज बाहेरच्या खोलीत. तुम्हाला एका जागी उभं राहून सगळं मिळायला पाहिजे." खर्चाचंही त्यानंच बघितलं. दगडवाल्याकडं कुणाच्या तरी कामातून उरलेला एक लांब तुकडा पडला होता, तो स्वस्तात मिळाला. मोरीसाठी सिंक भंगार बाजारातून आणलं, पोचे आलेलं पण धड. कपाटाची जुनी दारं उलटी करून परत लावायची ठरली.

जुना ओटा फोडला त्या दिवशी मावशी मुद्दाम दुकानात जाऊन बसल्या. घरी आल्या तर बोळ मोकळा, आणि राडारोड्याची पोती दाराबाहेर रांगेनं उभी. ती उचलून न्यायलाही गाडीवाला पैसे मागत होता, म्हणून तिथंच राहिली. जुन्या ओट्याच्या काळ्या फरशा मात्र गवंड्यानं एकीला एक टेकवून नीट ठेवल्या होत्या. एका फरशीवर शेगडीच्या पायांचे डाग होते. मावशींनी तिच्यावरून हात फिरवला आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी माप. "मी टेपवर विश्वास ठेवत नाही," गवंडी म्हणाला. "तुम्ही ठेवता, तो तुमचा धंदा. मी कोपर बघतो. खिडकीखाली उभ्या राहा, रोज राहता तशा. पीठ मळताय असं समजा."

गवंडी पिशवीतून पेन्सिल काढायला वाकला, तोवर मावशी भिंतीशी उभ्या राहिल्या. गाऊन नेहमीचाच, पायघोळ. हात पुढं केले आणि नसलेलं पीठ मळायला लागल्या. गवंड्यानं एका हातानं त्यांचं कोपर हलकेच धरलं, दुसऱ्या हातानं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. हात सिमेंटनं खरखरीत झालेला, पण उबदार. ताई गेल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी लावला असेल तेवढाच. आयुष्यभर आपण लोकांचे दंड, खांदे, मनगटं धरली, आणि धरलेल्या माणसाला कसं वाटतं ते आज कळतंय, असं त्यांच्या मनात आलं. दुसरं काहीच आलं नाही.

"झालं," गवंडी म्हणाला. "ही तुमची रेघ. हिच्याखाली चार बोटं दगड."

काम आटोपलं तेव्हा घर पांढऱ्या धुळीनं माखलं होतं. गवंड्यानं ओटा पुसला, नळ सोडून दाखवला, चहा घेतला आणि गेला. मावशींनी सगळं घर पुसून काढलं, हात धुतले आणि नव्या ओट्यावर पोळपाट ठेवला. पहिल्यांदाच जमिनीवर पाय रोवून त्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

लाटणं छातीशी आलं.

त्यांनी हात खाली दाबून बघितले. टाचा उंचावल्या. मग टेप आणली, मापलं, आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. हे माप त्यांना पाठ होतं. त्यांनीच घेतलं होतं ते, ताईला भिंतीशी उभं करून. नव्या ओट्याची उंची जुन्याइतकीच होती.

सकाळी गवंडी आला तो हुज्जत घालायच्या तयारीनं. "रेघ तुमच्याच कोपराची आहे मावशी. मी काय माझ्या मनानं बांधला का?"

"मग माझं कोपर खाली कसं आलं?"

"परत उभ्या राहा बघू. त्या दिवशी राहिलात तशा. पीठ मळा."

मावशी ओट्याशी गेल्या. हात पुढं झाले. आणि पायाचा अंगठा आपोआप बाजूला सरकला, भिंतीला टेकलेल्या पाटाची कड त्यानं धरली आणि पाट पुढं ओढला. मावशी वर चढल्या. गाऊनचा घेर खाली पडला आणि पाट दिसेनासा झाला. कोपर बरोब्बर ओट्याच्या वर चार बोटं.

मावशींनी गाऊन उचलून स्वतःच्या पायाकडं बघितलं.

"मला वाटत होतं, ओटा उंच होतोय म्हणून," गवंडी म्हणाला. "मला स्वतःला बरा वाटला, म्हणून शंका आली होती. पण म्हटलं, मापाच्या बाई आहेत, त्यांना कळत असेल." थोडं थांबून तो म्हणाला, "मावशी, त्या दिवशी घरात कुणी नव्हतं का, पाटावरनं उतर म्हणणारं?"

"नव्हतं," मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. पडल्या तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. ताई गेली तेव्हाही चार लोकांपुढं आवरून धरलं होतं. आता पाटावर उभ्या राहून, परक्या माणसासमोर, ओट्याची कड धरून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. पैसे गेले म्हणून नाही. साधी गोष्ट होती, कुणीही सांगितली असती. फक्त सांगायला ते कुणी घरात नव्हतं.

गवंडी अवघडून नळ उघडबंद करत राहिला. मग बाहेर जाऊन पोती बघून आला.

"दगड काढायचा म्हटला तर फुटणार," तो म्हणाला. "ओटा काही खाली येत नाही. पण जमीन वर येते. पाटाएवढी. एवढासा तर बोळ आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून घेऊ. माल घरचाच आहे. मजुरी अर्धी द्या, चूक अर्धी माझी."

दाराबाहेरचा राडारोडा परत आत आला. जुन्या ओट्याचा चुरा पसरून, ठोकून घट्ट केला आणि वर त्याच काळ्या फरशा बसल्या, ताईच्या हाताखालच्या. शेगडीचे डाग असलेली फरशी मावशींनी सांगून खिडकीखाली बसवून घेतली. दारापाशी एक पायरी झाली, आणि तिच्या बाजूला गवंड्यानं धरायला लोखंडी दांडी ठोकून दिली. मावशी वर गेल्या, ओट्यासमोर उभ्या राहिल्या. लाटणं जिथं यायला पाहिजे तिथं आलं. इकडे तांदूळ, इकडे पाणी, इकडे शेगडी, कुठं चालायला नको. आता ताई आली असती तर तिला वाकून काम करावं लागलं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि क्षणभर त्यांना तिच्यावर मात केल्यासारखं हसू आलं. पाट त्यांनी गवंड्याला देऊन टाकला.

जाताना तो म्हणाला, "एक मात्र करा. येईल त्याला आधी सांगत जा, पायरी आहे म्हणून. नव्या पायरीला माणूस हमखास ठेचकाळतं."

"सांगेन की," मावशी म्हणाल्या.

सिलिंडरवाला आला, पण त्यानं सिलिंडर दारातच ठेवला. गल्ल्यावरची बाई ओटा बघायला सुट्टीच्या दिवशी येते म्हणाली होती. मावशींनी सकाळपासून घर आवरलं, चांगल्या कपबशा काढल्या, दूध जास्त घेतलं. दुपारी तिचा फोन आला. घरी पाहुणे आलेत, पुढच्या वेळी नक्की. "अगं असू दे, ओटा कुठं पळून जातोय," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग एका माणसापुरता चहा करायला त्या उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. आधी पायाकडं बघितलं. मग वळून बाहेरच्या खोलीकडं बघितलं, दोन खुर्च्या, फ्रीज, बंद दार.

"पायरी आहे हं, जपून ये," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि दांडी धरून एकट्याच वर चढल्या.