बिननावाचा शेगडा

२०२१ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. काकती गावचा आप्पा माझ्याहून दोन वर्षांनी थोरला, पण बाजारात लहान पोराच्या वरताण हट्ट करायचा. हत्यार नवं घ्यायचंच नाही. बेळगावच्या जुन्या बाजारात पोत्यावर मांडलेल्या गंजक्या लोखंडापुढं उकिडवा बसायचा आणि भावाच्या आधी विचारायचा, "ह्ये कुणाच्या हातातलं?"

विकणारा वैतागायचा. "आप्पा, हातोडा घेताय का सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच रं. हातात हात द्यायचा हाय."

मग घरामागच्या पत्र्याच्या शेडात त्या हत्याराला जुन्या मालकाच्या गावाचं नाव मिळायचं. संकेश्वरची कानस, सांबऱ्याचा हातोडा, निपाणीची करवत. फौंड्रीतून रिटायर झाल्यावर आम्ही दोघं तिथंच कड्या, बिजागऱ्या करत बसायचो. "सांबऱ्याला बोलव," म्हणाला की मी हातोडा द्यायचा. फक्त एका शेगड्याला नाव नव्हतं. कानस मारताना लोखंड जबड्यात घट्ट धरून ठेवणारा तो जड शेगडा कुणाचा, ते विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. आप्पाला ते लई लागलं होतं. दांडा आवळताना म्हणायचा, "कुणाचं तरी घर ह्येच्यावर चाललं असंल. आन् नाव न्हाय."

नवरात्रात आप्पा झोपेतच गेला. खांदा देताना मला रडू आलं नाही. खंडेनवमीला शेडाचं कुलूप बघून आलं. त्या दिवशी दर वर्षी तो हत्यारं धुऊन, झेंडू वाहून ओळीनं मांडायचा. त्याचा थोरला लेक म्हणाला, "काका, सूतक हाय. पूजा न्हाय. दिवस झालं की भंगारवाल्याला किलोवर घालतो सगळं."

"माझ्या घरात सूतक न्हाय. रिक्षा बोलव."

आमच्या दारात बायको आडवी आली. "सुतकातली हत्यारं आत आणताय व्हय?"

"लोखंडाला कसलं सूतक?"

अंगणातच धुतली. नाव घेत एकेकाला कुंकू लावलं. शेगड्यापाशी बोट थांबलं. बायको उभी राहून बघत होती. तिनं परडीतलं एक फूल पुढं केलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार उचलायचं नसतं. तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, परसातल्या ओंडक्यावर शेगडा बोल्टांनी आवळला. त्यात बायकोचं बोथट खुरपं धरलं आणि कानस उचलली.

बायको म्हणाली, "कानस संकेश्वरची. आन् ह्यो कुणाचा?"

"काकतीचा," म्हणालो, आणि धार लावायला लागलो.