लिंबाखाली कोण बसलं होतं?

मी हिंगोलीत शाळेवर विज्ञान शिकवते. भास, भूतबाधा असल्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या... आजही माझा विश्वास बसलाय असं नाही. पण हे मी स्वतः पाहिलंय — भर दुपारी, चांगल्या शुद्धीत.

आमचं गाव साखरा. तिथून कार्तिकात एकादशीला दिंडी पायी नरसी नामदेवला जाते. माझे वडील, अण्णा, दिंडीचे वीणेकरी. त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त रशीदचाचा टेम्पोतून सगळ्यांना पाणी पुरवायचे. तो मान चाचांचाच. अण्णा वारले तेव्हा खांदा द्यायलाही तेच पुढे होते.

त्यानंतरची पहिली दिंडी. वीणा माझ्या गळ्यात होती. नरसीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या लिंबाखाली फराळ करून सगळे जरा टेकले होते. चाचा एकदम उठले.

"पोरी, समद्यांला उठव. हितं बसू नका."

"काहून चाचा?"

"अण्णा म्हणून राहिले."

त्यांचा चेहरा बघून कुणी वाद घातला नाही. कुरकुरत का होईना, सगळे शेतात पार बांधापर्यंत आलो. चाचांनी मागं वळून पाहिलं.

"अण्णा तिथंच बसलेत. घेऊन येतो."

मी त्यांचा हात धरला. "चाचा... अण्णा नाहीत आता. तुम्हीच खांदा दिला ना?"

"व्हय, मला काय ठाऊक न्हाई? पण एकटेच बसून राहिले ना ते."

हात सोडवून ते गेले. लिंबाखाली जाऊन वाकले — खाली बसलेल्या माणसाला उठायला हात द्यावा तसे. तेवढ्यात सोयाबीनची पोती भरलेला एक ट्रक रस्ता सोडून सरळ झाडावर आला.

चाचा जागीच गेले. दिंडीत बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

ट्रकचे ब्रेक निकामी झाले होते, एवढं पुढं कळलं. पण तो दिसायच्याही आधी चाचांना कुणी उठवलं?

गावात म्हणतात, अण्णांनी दिंडी वाचवली. चाचांच्या चाळिसाव्याला मी गेले, तेव्हा माझ्यासमोर बसून चाचीनं हळूच विचारलं, "अण्णानं समद्यांला उठवलं, बेटी. मग ह्यांनाच काहून बोलावून घेतलं?"

मी अजूनही तिच्याकडे जाते, पण तिथं अण्णांचं नाव काढत नाही.