शेठच्या मोटारीतली शिट्टी

जालन्यात माझ्याइतका हुशार मिस्त्री दुसरा नव्हता. हे मत माझ्या एकट्याचंच होतं, पण मी ते सगळ्यांना सांगत असे. बद्रीनाथ शेठच्या कापसाच्या जिनिंगात मी विजेचं काम बघायचो. लढाईच्या दिवसांत शेठनी बातम्यांसाठी मोटारीत रेडिओ आणला आणि तो बसवायचा मान मला मिळाला. त्या दिवसापासून मी टोपी तिरकी घालू लागलो.

मोटार चालवायचे सिराजोद्दीन. आम्ही त्यांना सिराजचाचा म्हणायचो. अठरा वर्षं तीच नोकरी, बोलणं बेताचं. दर खंडेनवमीला मोटारीच्या पूजेचा झेंडू त्यांच्याच परसातून यायचा आणि हार मेहरुन्निसाचाची ओवून द्यायच्या. पूजेआधी रंग द्यायचं काम माझं. लोखंड चकाकलं नाही तर पूजा कसली, हे माझं शास्त्र.

त्या दसऱ्यानंतर रेडिओत शिट्टी वाजू लागली. इंजिन बंद असलं की गाणं स्वच्छ. इंजिन सुरू केलं की शिट्टी, आणि मोटार जोरात निघाली की तीही चढायची. मी कान लावून ऐकलं, मान हलवली आणि शेठना सांगितलं, "मोटारीचा डायनामो गेला." इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेठ लक्ष देऊन ऐकत होते, आणि ऐकणारा मिळाला की माझी जीभ माझं ऐकत नाही. मी पुढं म्हणालो, "चाचांनी देखभालच केली न्हाई, शेठ. सगळं इंजिन खराब होऊन राह्यलंय."

शेठ तापट. त्यांनी तिथंच सांगितलं, "सिराजमियाँ, सोमवारपासून येऊ नका."

एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. पण शब्द मागं घ्यायचे तर हुशारी कमी झाली असती.

चाचा एवढंच म्हणाले, "गाडी धुवून देतो शेठ, मंग जातो."

धुता धुता त्यांनी मला बोलावलं. "कडूबाभाऊ, हा आवाज कवापासून येऊन राह्यला?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याला गाडीला काय केल्तं?"

"रंग दिल्ता," मी अभिमानानं म्हणालो.

चाचांनी इंजिन सुरू केलं. हातातल्या पान्याचं एक टोक रेडिओच्या पेटीला आणि दुसरं उघड्या लोखंडाला टेकवलं. शिट्टी बंद. पाना उचलला, शिट्टी सुरू. मला सगळं उमगलं. नीट रंगवता यावं म्हणून रेडिओची, मोटारीच्या लोखंडाला जोडलेली अर्थिंगची तार मीच सोडली होती, आणि रंग वाळल्यावर ती रंगावरच बोल्टानं आवळली होती. रंगातून वीज जात नाही, हे तर मी कामाला लागलो त्याच दिवशी शिकलो होतो. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

चाचांनी चाकूनं बोल्टाखालचा रंग खरवडला आणि तार पुन्हा आवळली. तेवढ्यात शेठ आले. गाणं खणखणीत वाजत होतं.

"कुणी काढला दोष?"

मी टोपी चाचपू लागलो.

"कडूबाभाऊनी," चाचा म्हणाले. "डायनामो बिलकुल बराबर हाय, शेठ."

चाचांची नोकरी राहिली. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला फार लाज वाटली, पण ती थाप मी घेतली. वर्षभर टोपी सरळ घातली, एवढंच प्रायश्चित्त.

पुढच्या खंडेनवमीला मी ब्रश घेऊन मोटारीपाशी गेलो. चाचांनी त्या बोल्टावर तळहात ठेवला. शेजारी शेठ उभे होते.

"हात कशाला ठेवलाय, सिराजमियाँ?"

चाचांनी हात काढला नाही. मग मीच म्हणालो, "माझ्यापासून वाचवायला, शेठ." आणि वर्षभर गिळलेलं सगळं सांगून टाकलं.

शेठ तापायच्या आत चाचांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि झेंडूचा हार दिला.

"ह्यो घाला," ते म्हणाले. "यानं काही बिघडत न्हाई."