शेळीची घंटी

मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि जाताना तिचा कुत्रा माझ्या गळ्यात मारून गेली. इटालियन ग्रेहाउंड. वजन साडेचार किलो, पाय बोटाएवढे, अंगावर चरबीचं नाव नाही. सोबत दोन पानांची यादी होती. रोज दात घासणे, जेवण मोजून देणे, उंचावरून उडी मारू न देणे, गारव्यात स्वेटर घालणे. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढलेला माणूस, लेखी सूचना पाळायची सवय आहे. लळा लावणे असं काही यादीत नव्हतं, तेव्हा तो विषय मी काढला नाही.

निवृत्तीनंतर लोणावळा सोडून मी लोहगडवाडीत दोन खोल्या बांधल्या होत्या. तिथे याला बघायला लोक थांबायचे. मी त्याला उपाशी ठेवतो, असं बहुतेक जण धरूनच चालायचे. शेजारच्या मावशींच्या मुलाची गडाच्या वाटेवर भज्यांची टपरी आहे आणि मावशींच्या सहा शेळ्या आहेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, शहरात कुत्र्याला जेवायला घालत नाहीत का. ही जातच अशी बारीक असते, हे मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पटलं नाही, हेही लपवलं नाही.

दुपारी माझा डोळा लागला की तो फाटकाच्या गजांतून निघून त्यांच्या गोठ्यात जायचा आणि शेळ्यांच्या मधोमध पडायचा. मला ते अजिबात आवडायचं नाही. अंगाला लेंड्यांचा वास, स्वेटरची वाट लागलेली. एकदा तर मावशींनी शेळीची जुनी घंटी त्याच्या गळ्यात बांधून पाठवली. धुक्यात हरवेल, म्हणाल्या. मी ती त्याच संध्याकाळी सोडून परत दिली. दिवसभर कानाशी किणकिण कोण ऐकणार?

श्रावणातल्या एका दुपारी त्याचा नेहमीचा, ओढला की आवळणारा पट्टा ओला होता, म्हणून मी साधा घातला. ती चूक माझी. या जातीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं; साधा पट्टा सहज निसटतो. गडाच्या वाटेला पठारावर होतो. वाऱ्याने वेफर्सचं रिकामं पाकीट उडालं आणि तो त्याच्यामागे गेला. पाच पावलांवर धुकं होतं. त्यात तो शिरला आणि माझ्या हातात दोरी आणि रिकामा पट्टा उरला.

ही कुत्री वासावर नाही, नजरेवर धावतात. धुक्यात तो आंधळाच. शिवाय अंगात स्वेटर नव्हता आणि पठाराच्या एका बाजूला सरळ कडा आहे. मी ओरडत सुटलो. सिग्नल दिसत नसेल तर गाडी जागेवर उभी करायची, हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. आता स्वतःच धुक्यात इकडून तिकडे पळत होतो. मला बघून ट्रेकिंगला आलेली सात-आठ मंडळीही शिट्ट्या मारत त्याला शोधायला पांगली. अनोळखी आवाजाने तो आणखी लांब जाणार, हे मला माहीत होतं. पण गप्प बसण्याची हिंमत होत नव्हती. तासभर झाला. तो कड्यावरून गेला असेल, असं मला वाटायला लागलं.

टपरीवरून निरोप गेला असावा. मावशी शेळ्या घेऊन आल्या. एरवी असल्या ओलीत त्या शेळ्या सोडत नाहीत. त्यांनी आधी सगळ्यांना गप्प केलं, मलाही. मग पुढच्या शेळीला पठारावर सावकाश चालवू लागल्या. तिच्या गळ्यातली घंटी वाजत होती, बाकी काही नाही. मी शेवटच्या शेळीमागे चालत होतो. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत मी शेळ्यांच्या पाठी बघितल्या, तर मध्ये एक राखाडी, भिजलेली, थरथरणारी पाठ जास्तीची होती.

मी हळूच हाक मारली. त्याने बघितलं नाही. माझ्या हाताच्या अंतरावरून तो शेळ्यांबरोबर पुढे गेला, थेट गोठ्यात शिरला आणि दोन शेळ्यांच्या मध्ये पडला. हळूहळू त्याची थरथर थांबली. मला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त वाईट वाटलं. दोन वर्षं रोज त्याचे दात मी घासत होतो.

मी काठी बाजूला ठेवून गोठ्यात पोत्यावर बसलो आणि ती जुनी घंटी मागितली. मावशींनी आणून दिली. मी ती त्याच्या गळ्यात बांधायला वाकलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"त्याच्या गळ्यात नगं, भाऊ. तवा मी बी चुकलेच. तुमच्या काठीला बांधा."

काठीला कशाला, मी विचारलं.

"त्यो कुटं हाय ते तुमाला कळून काय उपेग? तुमी कुटं हाय ते त्याला कळाय पायजे."

मी घंटी काठीला बांधली.

आता मी बाहेर पडलो की अख्ख्या वाडीला कळतं, आणि टपरीवर हसतात. यादीतलं सगळं चालू आहे, दात, मोजलेलं जेवण, स्वेटर. दुपारी फाटकाशी उभा राहून मी काठी दोनदा आपटतो. मग तो शेळ्यांमधून उठतो आणि येतो. रोज नाही, पण येतो.