भात्याची पाळी

पालीच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या हेमाबाई भारी तापट. पण बेसूर पोराला त्या कधी गप्प बसवत नाहीत. शेजारी बसवून पेटीचा भाता मारायला लावतात. सूर कानाशी राहिला की गळ्यात उतरतो, असं त्यांचं म्हणणं. पाचवीतली निशिगंधा तर जूनपासून भात्यालाच चिकटलेली.

दिवाळीनंतर मात्र एकेक करत अख्खा वर्ग बेसूर झाला. बाईंनी कपाळाला हात लावला. एके दिवशी गोड गळ्याची सानवीही मुद्दाम किंचाळली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मेल्यांनो, भाता मारायचाय तर तसं सांगायचं ना! कोणाकोणाला हवाय?"

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. निशिगंधाने मात्र भाता सोडला आणि ती उठून पोरांत जाऊन बसली.

"बाई, मी आता गाणार."